काचेवर रंगाचा शिंतोडा नको : गटाची गाडी रंगवून घेताना काय बघायचं?



आपल्या अनेक गटांकडे आता गाडी आहे. कोणाकडे भाजी-दूध नेणारा टेम्पो, कोणाकडे प्रवासी रिक्षा, तर कोणाकडे जुनी घेतलेली ओम्नी. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू झाली. गटातल्या ताईला समूहाच्या निधीतून बिनव्याजी कर्जावर प्रवासी गाडी, अशी ती योजना. तेव्हापासून "गाडी हे पुरुषांचं काम" असं म्हणून आपल्याला बाजूला बसता येत नाही. हप्ता आपण भरतो, तर गाडीचं कामही आपल्याला कळलं पाहिजे.

आज बोलायचं आहे एका छोट्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल. गाडीला नवा रंग मारताना काचा कशा झाकायच्या? रंग चांगला झाला की नाही ते आपण लगेच बघतो. पण काचेवर रंगाची बारीक धूळ बसली असेल तर दिवसा ती नजरेत येत नाही. रात्री समोरच्या गाडीचा दिवा काचेवर पडला की एकेक कण चमकतो आणि ड्रायव्हरला रस्ता धूसर दिसतो. कायद्यानेही पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. म्हणजे हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीत बसलेल्या माणसांच्या जिवाचा आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळीकडून शिकूया

काचा झाकण्याचं काम बघायचं तर मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवा. आपल्यापैकी कितीतरी जणींचे वडील, दीर, भाऊ गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागात राहिले. कोणी गिरणीत, कोणी टॅक्सीवर, कोणी गॅरेजात. सुट्टीत मुंबईला गेलेल्या प्रत्येकीला ती काळी फियाट आणि तिचं पिवळं टप आठवत असेल. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. ती मुंबईतच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मुदत. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली. काळा-पिवळा रंग मात्र राहिला, आता तो दुसऱ्या गाड्यांवर दिसतो.

भाड्याने चालणाऱ्या गाडीला ठरावीक काळाने पासिंग करावं लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पासिंगच्या आधी पत्रा ठोकून सरळ करायचा, रंगाचा हात मारायचा, ही टॅक्सीवाल्यांची नेहमीची रीत. टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं बुडालं, म्हणून काम झटपट हवं. जागा कुठली, तर गल्लीचा कोपरा नाही तर छोटा गाळा. मोठ्या कंपन्यांसारखी बंद काचेची रंगाची खोली नाही.

आणि या गाडीला एक जास्तीचं काम. टप पिवळं, अंग काळं. म्हणजे काचा तर झाकायच्याच, शिवाय दोन रंगांमधली रेषही सरळ यायला हवी. सहसा फिका रंग आधी मारतात, कारण पिवळ्यावर काळा झाकतो, काळ्यावर पिवळा सहज झाकत नाही. टप पिवळं करायचं, ते सुकलं की कागदाने गुंडाळायचं, आणि मग खाली काळा. जुन्या फियाटला टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असायची. पेंटर टेप त्या पन्हळीच्या कडेला लावायचा, त्यामुळे रेष आपोआप सरळ. कुठली हद्द पकडायची हे गाडीच्या अंगावरच शोधायचं, ही त्यातली पहिली शिकवण.

रंग सांगितलेल्या जागीच का बसत नाही?

ब्रशने दार रंगवलं तर रंग ब्रशाखालीच राहतो. गाडीला मात्र कंप्रेसरच्या हवेने, गनमधून रंग फवारतात. त्याची बारीक धुई होते. ती पत्र्यावर बसते तशी आजूबाजूलाही उडते. जातं दळताना पीठ कसं आपल्या केसांवर, भुवयांवर जाऊन बसतं, अगदी तसंच. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात बघा. मूर्तीच्या अंगाचा रंग आधी गनने मारून घेतात आणि डोळ्यांची आखणी शेवटी, हाताने. डोळे आधी काढले तर ते धुईत माखतील. गाडीच्या काचा तिचे डोळेच. पण त्या शेवटी बसवता येत नाहीत, म्हणून झाकाव्या लागतात.

ही धुई वाऱ्याबरोबर लांब जाते. चाळीच्या कठड्यावरचे कपडे, शेजारी उभी असलेली दुसऱ्याची गाडी, सगळ्यांवर बसते. आपल्या गावात वाळत घातलेले पापड, मिरच्या, कडधान्य असतं. रंगकाम चालू असेल त्या दिवशी वाऱ्याच्या दिशेला काही वाळत घालू नका.

आधी काढता येईल ते काढा

जे काढता येतं ते झाकत बसायचं नाही, हा चांगल्या पेंटरचा नियम. वायपर, बाहेरचे आरसे, नंबर प्लेट, दाराच्या काचेखालची रबरी पट्टी, दिव्यांच्या कडा, यातलं जे स्क्रूवर आहे ते काढून एका पिशवीत ठेवायचं. स्क्रू छोट्या डब्यात, त्यावर चिठ्ठी. काढलेल्या वस्तूखालचा पत्राही नीट रंगतो आणि पुढे तिथून गंज धरत नाही.

काच मात्र बघून काढायची. जुन्या फियाटसारख्या गाड्यांची पुढची काच जाड रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. जाणकार माणूस ती रबरासकट बाहेर काढू शकतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांची पुढची काच पक्क्या गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असते. ती काढायला गेलं तर तडकते, आणि पुन्हा नीट चिकटवली नाही तर पावसात गळते. अशी काच जागेवरच ठेवायची आणि झाकायची.

झाकण्याची पद्धत, पायरी पायरीने

१. धुवा आणि कोरडं करा. टेप धुळीवर आणि तेलकटावर टिकत नाही. काच, रबर आणि भोवतालचा पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. रबराच्या खाचेत अडकलेली माती जुन्या दातब्रशने काढायची. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायचं पॉलिश त्या दिवशी गाडीजवळ आणायचंही नाही. त्यातलं सिलिकॉन पत्र्याला लागलं की नवा रंग तिथे बसत नाही, बारीक खड्डे पडतात. पेंटर म्हणतो, "रंग फाटला."

२. घासण्याआधी कडेला टेप. ही पायरी बरेच जण सोडतात. रंगाआधी पत्रा पॉलिश पेपरने घासतात. घासताना हात सटकला की काचेवर चरा पडतो. रंगाचा शिंतोडा निघतो, पण चरा जन्मभर जात नाही. म्हणून घासायच्या आधीच काचेच्या कडेने टेपचे दोन थर लावून घ्यायचे. पाण्याने घासून झालं की हा भिजलेला टेप काढून टाकायचा आणि रंगासाठी कोरडा, नवा टेप लावायचा.

३. कडेचा टेप आधी, कागद नंतर. यासाठी मास्किंग टेप लागतो, तो फिका पिवळसर कागदी. पार्सलला लावतात तो खाकी किंवा पारदर्शक टेप नको. त्याचा गोंद थिनरने विरघळतो आणि काचेवर राहतो. आधी अरुंद टेप काचेच्या किंवा रबराच्या अगदी कडेने लावायचा. एकदम लांब पट्टा ओढायचा नाही. ओढून लावलेला टेप वळणावर आकसतो आणि कड उघडी पडते. थोडा थोडा लावत नखाने दाबत जायचं. हे काम आपल्या बोटांना नवं नाही. करंजीची कड दाबतो तशी दाबायची.

४. रबराखाली सुतळी. जुन्या गाडीच्या बीडिंगचं रबर पत्र्यावर थोडं चढलेलं असतं. नुसता टेप लावला तर रंग रबराच्या कडेशी थांबतो, पुढे तिथे पापुद्रा निघतो आणि पाणी शिरतं. त्यासाठी रबराची पत्र्यावरची ओठासारखी कड हलकेच उचलून तिच्याखाली सुतळी किंवा जाड दोरी सरकवतात. रबर वर उचलून राहतं आणि रंग त्याच्या खालपर्यंत जातो. रंग सुकल्यावर सुतळी काढली की रबर पुन्हा जागेवर बसतं. गोंदाने चिकटवलेल्या काचेला ही युक्ती चालत नाही. तिथे जोर लावायचा नाही.

५. कागद कौलांसारखा. आता कागद. वर्तमानपत्र चालतं, पण दोन थर हवेत. एकाच थरातून थिनर आरपार जातो आणि छपाईची शाई काचेवर किंवा जुन्या रंगावर उमटते. जाडसर खाकी कागद त्याहून चांगला. कागद खालून लावत वर जायचं, वरचा तुकडा खालच्यावर चढवायचा, जसं आपण कौलं शाकारतो तसं. मग वरून ओघळलेला रंग सांध्यातून आत जात नाही. प्रत्येक सांधा टेपने बंद करायचा. कुठेही पोकळ फुगा नको, गनची हवा त्यात शिरली की कागद फाटतो.

साधं प्लास्टिक काचेवर लावू नये. प्लास्टिकवर रंग मुरत नाही. तो सुकतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि ओल्या रंगावर जाऊन बसतात. चाकांवर मात्र जुनी चादर किंवा गोणपाट चालतं.

६. आतली बाजूही. दाराच्या काचा पूर्ण वर चढवायच्या. फियाटसारख्या जुन्या गाडीला पुढच्या दारात छोटी तिकोनी काच असते, ती विसरायची नाही. दारांच्या फटींतून धुई आत जाते आणि काचेच्या आतल्या बाजूला, सीटवर, स्टिअरिंगवर बसते. म्हणून फटीही टेपने बंद करायच्या.

टेप किती लागेल?

खरेदी समितीतल्या ताईंसाठी साधा हिशेब. सुतळी घ्या आणि प्रत्येक काचेच्या कडेने फिरवून मोजा. लहान मोटारीची पुढची काच साधारण ४ मीटर, मागची तेवढीच, चार दारांच्या प्रत्येकी अडीच ते तीन मीटर. बेरीज १८ ते २० मीटर. एवढा तर फक्त कडेचा अरुंद टेप. घासण्याआधी दोन थरांत वेगळा लागेल, कागद चिकटवायला आणि सांध्यांना आणखी. रोलवर किती मीटर लिहिलंय ते वाचूनच रोल घ्या. टेपमध्ये वाचवलेले पैसे पुढे काच घासायच्या मजुरीत जातात.

पावसाळ्यात घाई नको

मुंबईची हवा दमट, कोकणाचीही तशीच. ओलसर हवेत कागद भिजून लोंबतो आणि टेप सुटतो. लवकर सुकणारा जुन्या पद्धतीचा एनसी रंग असेल तर तो दमट हवेत पांढुरका पडतो, चकाकी जाते. पासिंगची तारीख पावसाळ्यात येत असेल तर रंगकाम मे महिन्यातच उरकून घ्या. कडक उन्हातही काम नको. तापलेल्या काचेवर टेपचा गोंद भाजून निघतो आणि मग सुटत नाही. सावली, कोरडी हवा, वारा कमी, असा दिवस बघा.

टेप कधी आणि कसा काढायचा?

रंग हाताला चिकटेनासा झाला, पण अजून कडक झाला नाही, अशा वेळी कडेचा टेप काढायचा. फार लवकर काढला तर ओला रंग ओघळतो. दोन-चार दिवस तसाच ठेवला तर रंगाचा थर टेपवरून पत्र्यावर एकसंध कडक होतो आणि टेप ओढताना कडेचे टवके निघतात. टेप सरळ वर खेचायचा नाही. त्याच टेपवर मागे दुमडून, तिरका, सावकाश, नव्या रंगापासून लांबच्या बाजूला ओढायचा. रंग कडक झालाच असेल तर कडेने नवीन ब्लेडने हलकी रेघ मारून मग ओढायचा.

एवढं करूनही शिंतोडा पडला तर?

- आधी साबणाचं पाणी आणि नख. ताजा शिंतोडा एवढ्याने निघतो.
- नाही निघाला तर काच साबणाच्या पाण्याने चांगली ओली करायची आणि नवीन ब्लेड जवळजवळ आडवं धरून एकाच दिशेने सरकवायचं. कोरड्या काचेवर ब्लेड नको. गंजलेलं तर मुळीच नको.
- थिनर लागलाच तर कपड्यावर थोडा घेऊन फक्त काचेवर. रबराला आणि नव्या रंगाला तो लागू द्यायचा नाही.
- मागच्या काचेच्या आतून बारीक तपकिरी रेघा असतील तर त्या धुकं घालवणाऱ्या हीटरच्या तारा आहेत. आतून ब्लेड फिरवलं तर त्या तुटतात.
- जिथे काच नसून प्लास्टिक आहे तिथे ब्लेडही नाही, थिनरही नाही. हल्लीच्या गाड्यांचे पुढचे दिवे प्लास्टिकचे असतात. थिनरने ते पांढुरके पडतात आणि रात्रीचा उजेड कमी होतो. दिवे काचांइतक्याच काळजीने झाकून घ्या.

काही ठिकाणी काचेला ग्रीस फासून ठेवतात, म्हणजे शिंतोडा चिकटत नाही. ते करू देऊ नका. ग्रीसचा हात पत्र्याला लागला की तिथे रंग धरत नाही.

तब्येत आणि चूल

ही गोष्ट काचेपेक्षा मोठी आहे. हार्डनर मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याची धुई छातीत गेली की काहींना कायमचा दमा लागतो. तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून ती अडत नाही. पेंटरकडे गाळणीचे डबे असलेला रंगकामाचा मास्क आहे का, हे विचारा. आपल्याच घरचा मुलगा गॅरेजात काम करत असेल तर त्याला आवर्जून विचारा. जुन्या पिवळ्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी तिथे नको. घासलेलं पाणी विहिरीच्या, गोठ्याच्या बाजूला सोडू नका.

आणि काम झाल्यावर उरलेला तो रंगाळलेला कागद! "जळण होईल" म्हणून कोणी घरी नेईल. नेऊ नका. थिनर लागलेला कागद चुलीत भडका घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तो कागद आधी उघड्यावर सुकू द्या, मग वेगळा बांधून कचरागाडीत द्या.

गाडी ताब्यात घेताना

पैसे पूर्ण देण्याआधी गटातल्या दोघींनी जाऊन बघायचं :

१. ड्रायव्हरच्या जागेवर बसून उन्हाच्या दिशेने पुढच्या काचेतून बघा. ठिपके दिसतात का?
२. स्वच्छ धुतलेल्या हाताचा तळवा काचेवरून फिरवा. खरखर लागली तर धुई बसलेली आहे.
३. चारही काचा खाली-वर करा. रबराला रंग चिकटला असेल तर काच अडते.
४. पाणी मारून वायपर चालवा. रेघा उमटतात का?
५. दरवाजे उघडून कडा बघा, दिवे लावून बघा.
६. बाहेरून काचांवर पाणी ओता, आत गळतं का बघा.

काम देतानाच कागदावर लिहून घ्या : "काचा, रबर, दिवे झाकणे आणि शेवटी साफ करून देणे मजुरीत धरले आहे." तोंडी बोलण्यावर पुढे वाद होतो. गाडीचा रंगच बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, कारण आरसी बुकावर रंगाची नोंद असते.

पुढच्या मासिक बैठकीत गटाच्या गाडीचं पासिंग कधी आहे ते वहीत बघा आणि त्याच्या दोन महिने आधीची तारीख रंगकामासाठी लिहून ठेवा. ज्या गटाकडे गाडी नाही त्यांनीही हा अंक जपून ठेवावा. घराला रंग देताना खिडकीच्या काचांनाही यातलं बरंच लागू पडतं.